पट्टी : काळी दोन

सुवर्णाबाई "हं" म्हणाल्या आणि नभाने तापल्या तव्यावरच्या भाकरीला हात घातला.

झालं ते असं. श्रावणातली रविवारची सकाळ. बाई भाकरी थापत होत्या आणि त्यांची सात वर्षांची नात ओट्याशी स्टूल ओढून उभी होती. "आजी, मी उलटू?" तिने विचारलं. परातीतली नजर न काढता बाईंनी आवाज खाली ओढला आणि "हं" म्हटलं. हा "हं" मराठी घरात रांगत्या पोरालाही कळतो. खबरदार, हात पुढे केलास तर बघ, एवढं सगळं त्यात असतं. नभाला मात्र त्यात नुसतं हो ऐकू आलं. आजी उलटते तशी ती बोटांनी भाकरी उलटायला गेली आणि तिची दोन बोटं चांगलीच पोळली.

बोटं नळाखाली धरून बाई तिच्यावर रागावल्या. नको म्हटलेलं कळत नाही का, म्हणाल्या. पोर हुंदके देत म्हणाली, "तूच हं म्हणालीस."

"अगं, पण कसं म्हणाले?"

"हं. असं."

तिने तो "हं" करून दाखवला. ना वर, ना खाली, पाटावर ठेवल्यासारखा सपाट. बाईंनी बोटांना मलम लावलं, उरलेल्या भाकरी केल्या, पण तो सपाट "हं" काही त्यांच्या कानातून जाईना. दुपारी त्यांनी नभाला मांडीवर घेतलं, आधी सा लावला, मग पंचम लावला आणि यातला उंच कुठला ते विचारलं. नभाने बराच विचार केला. "तू एकच दोनदा म्हटलंस," ती म्हणाली.

गुरवाच्या घरातली पोर. जिच्या पणज्याची सनई देवळात वाजली की नदीपलीकडे ऐकू जायची, असं अजून लोक सांगतात.

सुवर्णा गुरव मिरजेतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं गाणं शिकवत होत्या. म्हणजे हजेरीपुस्तकात तसं लिहिलेलं होतं. एरवी गाण्याचा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा जादा तास, हे कुठल्याही शाळेत सांगावं लागत नाही. परीक्षा जवळ आली म्हणून तो जायचा आणि परीक्षा नसली तर ती येणार आहे म्हणून जायचा. सुवर्णाबाईंची आठवण वर्षातून तीनदा व्हायची, झेंडावंदनाला, गॅदरिंगला आणि पाहुणे आले की. त्यातही पाहुण्यांच्या गळ्यात हार लवकर पडला तर स्वागतगीताचं दुसरं कडवं गिळून टाकायचं, असा अलिखित नियम होता. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात आणि देशभर जातात, त्या गावच्या शाळेतली पेटी खेळाच्या खोलीत लेझमांच्या ढिगाखाली पडलेली होती आणि तिचा भाता उंदरांनी खाल्ला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तरीही आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास बाईंच्या वाट्याला यायचा आणि त्यावर त्या तग धरून होत्या.

मग सहा वर्षांपूर्वी पट्टी आली.

पट्टी म्हणजे कानामागे चिकटवायची, बोटाएवढी पातळ चकती. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण जखमेवर चिकटवायच्या पट्टीसारखी दिसते म्हणून मास्तरांनी तिला पट्टी म्हटलं आणि तेच नाव सरकारी कागदावरही चढलं. पुढच्या घोटाळ्याचं बी तिथेच पडलं, पण ते नंतर.

तिचं काम साधं होतं. वर्गात बसलेल्या मुलाच्या कानावर शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंखा, रिक्षा, शेजारच्या वर्गातले पाढे असं सगळं येत असतं. पट्टी यातलं फक्त शिकवणं वेचून घेई. तेवढ्यावर ती थांबत नसे. शिकवणाऱ्याचा आवाज चढतो, उतरतो, चिडतो, थकतो, आणि या चढउतारांत मुलाचं लक्ष खर्च होतं असं संशोधकांना आढळलं होतं. म्हणून पट्टी ते शब्द उचलून एका सपाट, स्वच्छ आवाजात, सारख्या वेगाने मुलाच्या कानात नव्याने बोलायची. त्याच वेळी कानामागच्या कातडीवरून मेंदूतले बारीक विद्युतसंकेत टिपायची आणि मुलाला किती समजलं त्याचा आकडा काढायची. त्याला आकलनांक म्हणत. पहिल्याच वर्षी जिल्ह्याचा आकलनांक असा काही वर गेला की शिकवणीवाल्यांनीही पट्ट्या घेतल्या, मग घरोघरी अभ्यासाला पट्टी आली. नभाच्या वयाची मुलं दिवसाचे नऊ-दहा तास तो सपाट आवाज ऐकत होती.

गाणं मात्र पट्टीला कळेना. शब्द कमी आणि चढउतार फार, म्हणून तिने गाण्याला गोंगाट ठरवलं आणि मुलांच्या कानापर्यंत पोचूच दिलं नाही. गाण्याच्या तासाचा आकलनांक शंभरात चार आला. चित्रकलेच्या तासाला बोलणंच नसल्यामुळे तिथे शून्य. दोन वर्षं हे आकडे पाहून वरून परिपत्रक आलं आणि दोन्ही विषय बंद झाले. चित्रकलेचे सर राजीनामा देऊन रोपवाटिका काढायला गेले. सुवर्णाबाईंची निवृत्ती पाच वर्षांवर होती, म्हणून शाळेने त्यांना पट्टीप्रमुख केलं. रोज संध्याकाळी मुलांच्या पट्ट्या गोळा करायच्या, पुसायच्या, चार्जिंगला लावायच्या आणि सकाळी परत वाटायच्या. बाईंनी तेही काम मन लावून केलं. कानातला मळ काढता काढता गाणाऱ्या बाईचं आयुष्य चाललंय, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

सोमवारी संध्याकाळी पट्ट्या जमा करायला रांग लागली तेव्हा बाईंनी प्रत्येक मुलाची पट्टी काढून घेतल्यावर, तोंडासमोर वही धरून, दोन "हं" म्हटले. एक हो म्हणणारा, एक खबरदार म्हणणारा. नको म्हणणारा कुठला, एवढंच सांगायचं. पहिलीची मुलं लगेच सांगून मोकळी झाली, काही तर हसली. नभाच्या दुसरीतल्या अडतीस मुलांपैकी सात जणांना सांगता आलं. तिसरीत दोघांना. चौथीत एकालाही नाही.

चौथीची तहसीन शेवटी उभी होती. तिच्या घरी तंबोऱ्यांना जवारी लावतात, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा कानाने ऐकत ऐकत इतका बारीक घासतात की तार नुसती वाजत नाही, गुंजते. तहसीन म्हणाली, "बाई, दोन्ही हंच आहेत की." मग म्हणाली, "दादाजी आता मला कारखान्यात बसवून घेत नाहीत. म्हणतात तुझं ध्यान नसतं. मी तर ध्यान देते."

बाईंना तिच्याकडे बघवेना. तिचं ध्यान होतं, कान नव्हता.

पट्टीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर संशोधकांची नावं होती. त्यातली एक, डॉ. ऋजुता करंदीकर, आता पुण्यात कानाच्या रुग्णांचं बघत होती. बाईंनी तीन दिवस पाठपुरावा केला तेव्हा ती पडद्यावर भेटली. पन्नाशीची, थकल्या डोळ्यांची बाई. सुवर्णाबाईंनी आपल्या वहीतले आकडे वाचून दाखवले. डॉक्टरने ते समोरच्या कागदावर उतरवून घेतले.

मग तिने समजावून सांगितलं. जन्मलेल्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांतले सगळे आवाज वेगळे ऐकू येतात. पुढे जे कानावर पडतात त्यांच्या वाटा मेंदू पक्क्या करतो आणि जे पडत नाहीत त्यांच्या वाटा मोडून टाकतो. म्हणून ज्याच्या भाषेत ळ नाही त्याला मोठेपणी बाळ आणि बाल सारखंच ऐकू येतं. त्याचे कान धड असतात, फक्त आतली वाट बुजलेली असते. आवाजाच्या चढउताराचंही तसंच आहे. ही वाट पाचव्या ते आठव्या वर्षात पक्की होते किंवा बुजते.

"आठव्यानंतर?" बाईंनी विचारलं.

"फार कठीण. अगदीच अशक्य म्हणणार नाही, पण फार कठीण."

नभाचा आठवा वाढदिवस कार्तिकात होता. बाईंनी बोटांवर मोजलं. तीन महिने उरले होते.

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?" त्यांचा आवाज नको तितका चढला.

"माहीत होतं. म्हणूनच आम्ही अट घातली होती. रोज एक तास उघड्या कानांचा ठेवायचा, आणि तो शक्यतो संगीताचा असावा. पट्टी स्वीकारताना प्रत्येक शाळेने ती अट मान्य केली होती." डॉक्टर अडखळली. "पण तुमच्या जिल्ह्यात तसा तास राहिलाच नाही. एक्केचाळीस संगीत शिक्षकांनी आमच्या तासालाही पट्टी हवी, असं लिहून दिलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं की गाणं शिकवणारी माणसं असं कसं मागतील. मी विचारायला हवं होतं."

कुणी दिलं असलं काही लिहून, असं बाई तावातावाने म्हणाल्या. डॉक्टरने फाईल शोधली आणि एक कागद पडद्यावर आणला. वळणदार, निळ्या शाईतलं अक्षर. बाईंनी ते लगेच ओळखलं, कारण ते त्यांचंच होतं.

विषय : संगीत. तासाला पट्टी : होय. कोणती : काळी दोन.

तो कागद त्यांना लख्ख आठवत होता. पेटीवर दुसऱ्या काळ्या सुराला सा धरून गायचं म्हणजे काळी दोनची पट्टी, हे गाणाऱ्याला सांगावं लागत नाही. उभ्या नोकरीत तोवर कुणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही मुलांना कुठल्या पट्टीत शिकवता. तो कागद आला तेव्हा ती कानामागची पट्टी त्यांच्या शाळेत पोचलीही नव्हती. त्यांना वाटलं, शिक्षण खात्याच्या कचेरीत कुणीतरी गाण्यातलं कळणारं माणूस आलं. त्यांनी ठेवणीतलं पेन काढून उत्तर लिहिलं होतं, आणि त्या दिवशी घरी जाऊन शिराही केला होता.

डॉक्टरने बाकीचे चाळीस कागद एकेक करून दाखवले. काळी एक, पांढरी पाच, काळी चार. एका सांगलीच्या मास्तरांनी तर समासात लिहिलं होतं की मुलींसाठी काळी चार, मुलांसाठी काळी एक, कृपया भेद असावा. जिल्ह्यातले सगळे गाणारे आनंदाने त्याच खड्ड्यात पडले होते. कचेरीतल्या यंत्राने वाचलं, रंग काळा, नग दोन. ज्यांनी चार मागितल्या त्यांनाही त्याने दोनच दिल्या, कारण माणसाला कान दोनच. त्या वर्षी शाळेत प्रत्येक मुलासाठी काळ्या पट्ट्यांची जोडी आली होती आणि सरकारने या वेळी हात सैल सोडला म्हणून बाईंनीच कौतुक केलं होतं. एकेकच आली असती तर एक तरी कान उघडा राहिला असता.

त्या दिवशी सुवर्णाबाई जेवल्या नाहीत. आपल्या हाताने आपण नातीचे कान बुजवले, हा विचार पाठ सोडेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरळ मार्ग धरला. आपली चूक झाली, पट्टी म्हणजे सूर असा अर्थ घेतला, गाण्याचा तास उघड्या कानांनी पुन्हा सुरू करावा, असा अर्ज त्यांनी कचेरीत दिला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यांना हसू आवरेना. मग भानावर येऊन ते सभ्यपणे म्हणाले की मागणीतली दुरुस्ती पाच वर्षांतून एकदाच होते, पुढची तीन वर्षांनी. अर्जाला क्रमांक मिळाला आणि बाई तो घेऊन घरी आल्या.

घरी अभिजितशी गाठ होती. त्यांचा मुलगा सांगलीच्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायचा आणि यंत्रांवर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. सून केतकी पुण्याला नोकरीला, ती दर शनिवारी यायची आणि नभाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबायची. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, आपल्या कागदासकट.

"आई, एका भाकरीवरून कशाला एवढं डोक्यात घेतीस?" तो म्हणाला. "वर्गात तिसरी आहे ती. पट्टी काढली तर आकलनांक बुडणार, पाचवीला चांगली शाळा मिळणार नाही. सूर नाही कळला तर काय अडणार आहे तिचं?" मग त्याने आणखी एक सांगितलं, ते बाईंच्या वर्मी लागलं. "गाण्याच्या बाईंचा मुलगा म्हणून मला शाळेत काय काय ऐकावं लागलंय ते विसरलीस तू. तुझा तास म्हणजे सगळ्यांची सुट्टी असायची."

ते खोटं नव्हतं.

गणपती जाऊन आठ दिवस झाले असतील. रात्रीच्या जेवणात दोडक्याची भाजी होती आणि नभा ती ताटात नुसती फिरवत बसली होती. अभिजित लटक्या रागाने म्हणाला, "खाऊ नकोस. तू आमची नाहीसच मुळी. दोन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून आणलंय तुला. उद्या सकाळी तिलाच परत देतो, चांगलं पातेलं तरी मिळेल." लहानपणी त्याने हेच शंभरदा आईकडून ऐकलं होतं आणि खदखदून हसला होता. नभाने मान खाली घालून सगळी भाजी संपवली. त्याला वाटलं, गंमत लागू पडली.

सकाळी ती अंथरुणात नव्हती. घरभर शोधलं, गच्ची पाहिली, अभिजित अनवाणी रस्त्यावर धावला. ती फाटकाबाहेरच्या पायरीवर सापडली. शाळेचं दप्तर रिकामं करून तिने त्यात दोन फ्रॉक, टूथब्रश, घरची पट्टी आणि तिचा चार्जर भरला होता.

"बोहारीण कधी येणार?" तिने विचारलं. तिला बोहारीण म्हणजे कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. "मी पट्टी घेतली आहे. तिच्याकडे पण शाळा असेल ना?"

अभिजित तिथेच खाली बसला. त्याने तिला घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ नाही नाही म्हणत राहिला, पण रात्री खरं आणि आत्ता खोटं का, हे तिला कळत नव्हतं आणि ते समजावण्याची दुसरी वाट त्याच्याजवळ नव्हती.

"मी हसत म्हटलं होतं, आई," तो नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

"तिची मान ताटात होती, तुझं तोंड दिसलं नाही तिला. आणि आवाजातलं हसू तिला ऐकूच येत नाही. तुला येतं, म्हणून तुला वाटतं सगळ्यांना येतं."

त्याच दिवशी त्याने घरची पट्टी कपाटात टाकून कुलूप लावलं. पण शाळेतल्या पट्टीवर त्याचं काही चालणार नव्हतं. पट्टी लावल्याखेरीज हजेरीच लागत नसे, आणि सलग पंधरा दिवस हजेरी नसली की मुलाचं नाव कमी व्हायचं. बाईंनी डॉक्टरला पुन्हा विचारलं. शाळेतही रोज अर्धा तास तरी कान उघडे राहायला हवेत, आणि त्या वेळात गाणंच हवं, ती म्हणाली. उपयोग होईलच असं सांगता येत नाही, हेही म्हणाली.

बाईंनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून वाचून काढली. बाराव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. देखभालीसाठी पट्टीप्रमुखाला कोणत्याही वर्गाच्या पट्ट्या दिवसातून अर्धा तास काढून घेता येतील, यंत्रात कारण नोंदवावं, त्या वेळी हजेरी कापली जाणार नाही.

फक्त नभाच्या वर्गापुरतं हे करणं सोपं होतं. पण त्या कागदाने काही एकट्या नभाचे कान बुजवले नव्हते. बाईंनी पहिली ते तिसरी, तिन्ही वर्ग मधल्या सुट्टीनंतर मागच्या पटांगणात आणले. चौथीला उशीर झालाय असं डॉक्टर म्हणाली होती, म्हणून त्यांना बोलावलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तहसीन आपण होऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. जा म्हणायला बाईंची जीभ रेटेना. तिसऱ्या दिवशी ती घरून एक जुना तंबोरा घेऊन आली. दादाजींनी दिलाय, म्हणाली, खुंटी जरा सैल आहे.

यंत्र रोज विचारायचं, देखभाल कोणत्या पट्टीची? बाई रोज टाइप करायच्या, काळी दोन. नोंद झाली, असं यंत्र म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी हेच त्यांनी भोळेपणाने लिहिलं होतं आणि गाणं गेलं होतं. आता तेच त्या डोळे उघडे ठेवून लिहीत होत्या.

पहिल्या आठवड्यात मुलं कान दाबून बसली. त्यांना उघडं जग फार मोठ्याने येत होतं. कावळा ओरडला की काही जण दचकायचे. बाई तंबोरा छेडायच्या, सा लावायच्या, आणि शंभर मुलांचे शंभर सूर चहूकडे उधळायचे. नभा तोंड उघडायची, पण बाईंच्या ओठांकडे बघून. ती ऐकून नव्हे, बघून ओळखायची. महिना झाला तरी तिला सा आणि पंचम सारखेच होते. घरी बाई तिला काही विचारायच्या नाहीत. विचारलं आणि उत्तर नाही असं आलं तर काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मुख्याध्यापक वाघमोडे सर एक दिवस वरच्या गॅलरीत उभे दिसले. मुलं वर्गात गेल्यावर ते जिना उतरून आले.

"बाई, दुपारचे आलेख सहा अंकांनी खाली आलेत."

"हो सर."

"हे काय चाललंय ते मी विचारत नाही. विचारलं की मला लिहावं लागेल." ते तंबोऱ्याकडे बघत राहिले. "पण आकडे आपोआप वर कचेरीत जातात. ते काही मला थोपवता यायचे नाहीत."

तसंच झालं. दिवाळीची सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली, आणि दुसऱ्याच आठवड्यात कचेरीतून पत्र आलं. अनावश्यक देखभालीमुळे अध्ययनाची हानी झाल्याचं निदर्शनास आलं आहे, सोमवारपासून श्रीमती गुरव यांनी पट्टीप्रमुखपदाचा कार्यभार सोडावा आणि चौकशीस हजर राहावं. नव्या माणसाचं नावही त्यात होतं. तहसीनला बाईंनी शनिवारी तंबोरा परत दिला. ती तो घेईना. तिला अजूनही दोन्ही "हं" सारखेच ऐकू येत होते, पण तार छेडली की तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावून ती डोळे मिटायची. "इथं गुदगुल्या होतात बाई," ती म्हणाली. "असू दे की तुमच्याकडंच."

रविवार उजाडला. नभाच्या वाढदिवसाला चार दिवस राहिले होते. बाई भाकरी थापत होत्या आणि मनात चौकशीची उत्तरं जुळवत होत्या. मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. नभा ओट्याशी येऊन उभी राहिली. तिच्या बोटांवरचे डाग आता फिके पडले होते.

"आजी, मी उलटू?"

बाईंनी काही ठरवलं नव्हतं. त्यांचं लक्षही नव्हतं, पाठ तिच्याकडे होती. सवयीने त्यांचा आवाज खाली गेला आणि तोंडातून "हं" निघून गेला. निघाल्यावर त्यांना कळलं. वळून हात धरायला हवा होता, पण पिठाचे हात परातीतच राहिले. पोर त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखेल म्हणून त्या वळल्याही नाहीत.

तव्यावर भाकरीला पापुद्रा सुटत होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना नभाचा हात पुढे गेलेला दिसला. तो तव्याच्या वर वीतभर अंतरावर थांबला. तिथेच थांबून राहिला.

"आजी," नभाने विचारलं, "हे कुठलं हं?"

बाईंनी गॅस बंद केला. भाकरी करपली होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. पिठाच्या हातांनीच त्यांनी नभाला स्टुलावरून उतरवलं, आपल्यासमोर पाटावर पाठमोरी बसवलं आणि स्वतः तिच्यामागे बसल्या.

"पुन्हा म्हणते," त्या म्हणाल्या. "ऐक."